एक गाडी उडाली की दुसरी सुसाट: घरच्या स्लॉट कार ट्रॅकचे व्होल्टेज कमी खर्चात कमी आणि स्थिर कसे करावे

घरी स्लॉट कारचा, म्हणजे खाचेतून विजेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांचा, ट्रॅक मांडणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. लहान मुलांच्या हाती कंट्रोलर दिला की गाडी पहिल्याच वळणावर खाचेतून उडते. आणि दोन गाड्या एकत्र धावत असताना एक उडाली की दुसरी, ट्रिगर जराही जास्त दाबलेला नसताना, एकदम वेग घेते आणि पुढच्या वळणावर तीही बाहेर जाते. अशा वेळी व्होल्टेज कमी करण्याचा सल्ला मिळतो आणि तो योग्यच आहे. परंतु कमी करण्याची पद्धत चुकीची निवडली, तर तक्रारीचा पहिला भाग मिटतो आणि दुसरा आणखी बळावतो. व्होल्टेज कमी करणे हे एक काम आहे आणि कमी केलेले व्होल्टेज भार बदलला तरी तेवढेच ठेवणे हे दुसरे. स्वस्त उपाय शोधताना या दुसऱ्या कामाकडे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

पुढील सर्व विवेचन साध्या, म्हणजे अॅनालॉग ट्रॅकसाठी आहे. स्केलेक्स्ट्रिक किंवा करेराच्या डिजिटल संचांत रुळांमधून विजेबरोबरच गाड्यांना दिलेले आदेशही जातात, त्यामुळे पॉवर बेस (अडॅप्टर आणि कंट्रोलर जिथे जोडतात ती पट्टी) आणि रूळ यांच्या मध्ये कोणतेही मॉड्यूल किंवा डायोड जोडू नयेत. तिथे नियंत्रकातच वेगमर्यादा ठरवण्याची सोय असते, ती वापरावी.

दोष कुठे असतो

१/३२ प्रमाणाच्या गाड्यांत सर्रास आढळणारी छोटी मोटर १२ व्होल्टला, भार नसताना, मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेते. स्थिर चुंबकाच्या अशा मोटरचा वेग व्होल्टेजच्या जवळपास प्रमाणात बदलतो, म्हणून तीच मोटर ९ व्होल्टला साधारण १३,५०० फेऱ्यांवर येते. सरळ पट्ट्यावर हा फरक सुखद वाटतो. वळणावर तो निर्णायक ठरतो, कारण गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग तीन-चतुर्थांश झाला की हा जोर निम्म्याहून थोडाच जास्त उरतो. मुलांसाठी तीन व्होल्ट कमी केल्याने खेळ एवढा का बदलतो, याचे कारण हे आहे. गाडीखालचे चुंबक काढून शर्यत लावणारे प्रौढ खेळाडूही याच कारणाने १० व्होल्टच्या आसपास राहणे पसंत करतात.

दुसरी गाडी सुसाट सुटण्याचे कारण वेगळे आहे. जुन्या किंवा स्वस्त संचाबरोबर येणाऱ्या जड अडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर, डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि फार तर एखादा कपॅसिटर असतो. व्होल्टेज स्थिर राखणारा भाग नसतो. अशा अडॅप्टरच्या लेबलावरचे १२ व्होल्ट पूर्ण भार असतानाचे असतात. भार नसताना त्याच टोकांवर १६-१७ व्होल्ट दिसले तर नवल नाही. दोन गाड्या धावताना व्होल्टेज खाली ओढलेले असते. एक गाडी रुळांवरून सुटली की भार निम्मा होतो, व्होल्टेज वर चढते आणि ते सगळे उरलेल्या गाडीच्या वाट्याला येते. गच्चीवरच्या टाकीतून बारीक पाइपने दोन नळांना पाणी येत असेल, तर एक नळ बंद करताच दुसऱ्याची धार वाढते, तसाच हा प्रकार आहे.

खरेदीआधी मोजमाप

यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर आणि गॅरेजच्या सामानाच्या दुकानात मिळणारे १२ व्होल्टचे वाहनाचे दोन बल्ब पुरेसे आहेत. १० वॅटचा बल्ब १२ व्होल्टला सुमारे ०.८ अँपिअर घेतो, तर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब १.७५ अँपिअर. अडॅप्टरच्या लेबलावरील क्षमता पाहून त्याला पेलेल तोच बल्ब निवडावा. प्रथम काहीही न जोडता अडॅप्टरच्या टोकांवरील व्होल्टेज लिहून घ्यावे, मग बल्ब जोडून पुन्हा मोजावे. फरक पाव-अर्ध्या व्होल्टचा असेल तर अडॅप्टर स्थिर आहे आणि फक्त व्होल्टेज कमी करायचे आहे. दोन-तीन व्होल्ट किंवा त्याहून अधिक फरक पडला, तर त्या अडॅप्टरपुढे काहीही जोडले तरी सुसाट सुटण्याची तक्रार पूर्ण जाईल याची खात्री नाही. आधी अडॅप्टर बदलावा. बल्बची तार थंड असताना क्षणभर बराच जास्त प्रवाह घेते, त्यामुळे एखादा अडॅप्टर संरक्षणासाठी बंद पडू शकतो. तो बिघाड समजू नये. लहान बल्ब लावून पाहावे.

नवा अडॅप्टर घेण्याची वेळ आलीच, तर जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा किंवा बाजारातला १५ व्होल्ट, ३ अँपिअरचा स्विचिंग प्रकारचा, म्हणजे व्होल्टेज स्थिर राखणारा, अडॅप्टर उत्तम. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत हे सगळे सामान एकाच फेरीत मिळते. मुलांसाठीच ट्रॅक असेल तर माझी पसंती १५ व्होल्टला आहे, आणि त्याचे कारण पुढे येईल.

परदेशातून भेट म्हणून आलेल्या संचाबाबत एक गोष्ट सर्वांत आधी तपासावी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या संचाच्या अडॅप्टरवर 'इनपुट १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढेच लिहिलेले असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावू नये. तो काही क्षणांत जळतो. इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असल्यास केवळ पिनेचा जोड पुरतो. जुना अडॅप्टर बाद करून इथलाच घ्यायचा असेल, तर आउटपुटचे व्होल्टेज, अँपिअर आणि पिनेच्या आतल्या-बाहेरच्या भागाचे धन-ऋण जुळवून घ्यावे, कारण धन-ऋण उलटले की गाड्या मागे धावतात.

टाळावेत असे उपाय

मालिकेत एखादा मोठा रोध जोडणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट उपाय आहे. समजा, १५ व्होल्टच्या अडॅप्टरपुढे १० ओहमचा रोध लावला. गाडी ०.३ अँपिअर घेत धावत असताना त्यावर ३ व्होल्ट पडतात आणि रुळांना १२ मिळतात; पण थांबलेली गाडी निघताना १ अँपिअर मागते, तेव्हा १० व्होल्ट रोधातच जातात आणि मोटरला ५ उरतात. गाडी निघायला कुरकुरते आणि निघाली की उधळते. दोन्ही लेनना मिळून एकच रोध लावला, तर ज्या तक्रारीसाठी ही खटपट केली तीच आपण हाताने वाढवून ठेवतो.

पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर अडॅप्टरच्या आधी, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला जोडण्याचा मोह अनेकांना होतो. हे करू नये. ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरला असा तुटक प्रवाह मिळाला की तो गुरगुरतो आणि अतिशय तापतो. स्विचिंग अडॅप्टर तर बिघडतो किंवा चालू-बंद होत राहतो. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तो डिमरस्टॅट (बटण फिरवून व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर) ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरसाठी चालतो, परंतु तो महाग आणि जड असून त्याने अस्थिरता जात नाही. आणि स्विचिंग अडॅप्टरच्या बाबतीत तो निरुपयोगी आहे, कारण तो अडॅप्टर इनपुट कितीही बदलले तरी आउटपुट स्थिर ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. मुलांच्या खेळण्यासाठी घरच्या मुख्य विजेच्या बाजूला हात घालण्याची गरज नाही. सर्व बदल कमी व्होल्टेजच्या बाजूलाच करावेत आणि अडॅप्टर उघडू नये.

पंपासाठी किंवा पंख्यासाठी विकले जाणारे, बटण फिरवून वेग बदलणारे स्वस्त पीडब्ल्यूएम मॉड्यूल कामचलाऊ आहे, पण मी ते सुचवत नाही. ते व्होल्टेज कमी करत नाही, तर पूर्ण व्होल्टेज वेगाने चालू-बंद करते. मोटर कुणकुणते आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर गोंधळतात. शिवाय अशी बरीच मॉड्यूल ऋण बाजू तोडतात, त्यामुळे ज्या ट्रॅकवर दोन लेनची ऋण बाजू एकत्र असते, तिथे ती स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत.

डायोडची माळ

ज्यांना सोल्डरिंग येते आणि अगदी कमी खर्च करायचा आहे, त्यांच्यासाठी डायोडची माळ हा प्रामाणिक उपाय आहे. सिलिकॉन डायोडवर प्रवाह कमी-जास्त झाला तरी साधारण ०.७ ते ०.९ व्होल्टच पडतात, म्हणजे रोधासारखी त्याची मनमानी नसते. १एन५४०८ हा ३ अँपिअरचा डायोड काही रुपयांत मिळतो. असे सहा डायोड एका दिशेने ओळीत जोडले की १५ व्होल्टचे साधारण १० होतात, आणि मधल्या जोडांवरून तारा काढून त्या रोटरी स्विचला दिल्या की लहान मुले, मोठी मुले आणि प्रौढ अशा पायऱ्या मिळतात. स्विच मात्र दोन-तीन अँपिअर पेलणारा घ्यावा. रेडिओसाठीचे नाजूक स्विच लवकर जळतात. एक अँपिअरला ही माळ सुमारे ५ वॅट उष्णता सोडते, म्हणून डायोड ज्या पट्टीवर जोडले तिच्यापासून थोडे वर उचलून, हवा लागेल असे बसवावेत.

माळ जोडण्याची जागा फार महत्त्वाची आहे. ती अडॅप्टर आणि कंट्रोलर यांच्या मध्ये असावी. कंट्रोलर आणि रूळ यांच्या मध्ये ती टाकली, तर ट्रिगर सोडल्यावर ब्रेक लागत नाही. ब्रेकच्या वेळी कंट्रोलर दोन्ही रूळ एकमेकांना जोडतो आणि फिरत्या मोटरमधली वीज उलट दिशेने वाहून मोटर थांबवते. मध्ये डायोड असला की तो हा उलटा प्रवाह अडवतो. 'व्होल्टेज कमी केल्यापासून गाडी थांबतच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढेच कारण असते. जागा बदलणे अशक्य असेल, तर ब्रिज रेक्टिफायरची (चार डायोडच्या तयार संचाची) धन आणि ऋण टोके एकमेकांना जोडून त्याच्या दोन एसी टोकांमधून प्रवाह न्यावा. तसा ब्रिज दोन्ही दिशांना सुमारे दीड व्होल्ट पाडतो आणि ब्रेकचा मार्ग मोकळा ठेवतो. धातूच्या कवचाचा ब्रिज लाकडी फळीवर न बसवता अॅल्युमिनियमच्या पट्टीवर घट्ट बसवला की उष्णतेचा प्रश्नही सुटतो.

बक मॉड्यूल: सर्वांत योग्य पर्याय

एलएम३१७ हा जुना, भरवशाचा रेग्युलेटर अजूनही अनेक जण सुचवतात. तो दीड अँपिअरपर्यंतचा असून व्होल्टेज स्थिर ठेवतो, पण जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत घालवतो. १५ चे ९ करताना एक अँपिअरला ६ वॅट उष्णता होते. हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा तुकडा) लहान असेल तर तो स्वतःचे रक्षण करण्यासाठी प्रवाह बंद करतो, गाडी भर शर्यतीत थांबते आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होते. रुळांत किंवा गाडीत दोष शोधत बसण्याआधी ही शक्यता तपासावी.

याऐवजी एलएम२५९६ या चिपवरचे छोटे बक मॉड्यूल, म्हणजे फारशी उष्णता न करता व्होल्टेज कमी आणि स्थिर करणारा तयार बोर्ड, घ्यावे. ते शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळते, इनपुट ४० व्होल्टपर्यंत घेते आणि बोर्डावरचा छोटा स्क्रू फिरवून आउटपुट ठरवता येते. त्यावर ३ अँपिअर लिहिलेले असले तरी हीटसिंकशिवाय दोनपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. एका लेनच्या घरगुती गाडीला तेवढे पुरतात. आउटपुटपेक्षा इनपुट दीड ते दोन व्होल्टने जास्त हवे. १५ व्होल्टच्या अडॅप्टरवर साडेतेरा व्होल्टच्या आसपासची मर्यादा आपोआप लागू होते, आणि मुलांच्या ट्रॅकसाठी १५ व्होल्टला माझी पसंती आहे ती यासाठीच.

नव्याने मॉड्यूल वापरणाऱ्यांची तक्रार असते की स्क्रू कितीही फिरवला तरी काही बदलत नाही. मॉड्यूल खराब नसते. तो स्क्रू १० हजार ओहमच्या बहुफेरी पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे फिरवून बदलता येणाऱ्या रोधाचा, असतो. चिप १.२३ व्होल्टचा संदर्भ धरते आणि बोर्डावरचा दुसरा रोध बहुधा ३३० ओहमचा असतो. त्या हिशेबाने पोटेन्शिओमीटर पूर्ण असताना मॉड्यूल ३८ व्होल्ट द्यायला पाहते. इनपुटच १५ असल्यामुळे रोध १० हजारांवरून सुमारे ३,३०० ओहमपर्यंत खाली येईपर्यंत, म्हणजे प्रवासाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश भागात, आउटपुट हलत नाही. मल्टिमीटर जोडून, ट्रॅक मात्र न जोडता, डावीकडे शांतपणे फिरवत राहावे. एका टप्प्यानंतर आकडा उतरू लागतो.

दर वेळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचे नसेल, तर तो छोटा पोटेन्शिओमीटर काढून त्या जागी १० हजार ओहमचा, दांडीवर बटण बसणारा पोटेन्शिओमीटर तारांनी जोडता येतो. इथे एक धोका नीट समजून घ्यावा. पोटेन्शिओमीटरचा सरकता स्पर्श तुटला किंवा तार निघाली, तर चिपला आउटपुट शून्य झाल्यासारखे वाटते आणि ती पूर्ण व्होल्टेज सोडते. लॅपटॉपचा अडॅप्टर असेल तर नेमक्या लहान मुलाच्या गाडीला जवळजवळ १९ व्होल्ट मिळतात. म्हणून सरकते टोक एका बाजूच्या टोकाला कायमचे जोडावे आणि बोर्डावरच, पोटेन्शिओमीटरच्या दोन छिद्रांमध्ये, ५,१०० ओहमचा रोध समांतर डाग लावून ठेवावा. मग बटण शेवटपर्यंत फिरवले किंवा सरकता स्पर्श तुटला, तरी आउटपुट चौदा व्होल्टच्या वर जात नाही. तार मुळातूनच निघाली तर ही मर्यादाही २० व्होल्टपर्यंत सरकते, म्हणून तारा पक्क्या बांधाव्यात. ३३० ओहमचा रोध काही बोर्डांवर वेगळा असतो, म्हणून तो मोजून मगच हिशेब करावा.

प्रत्येक लेनला स्वतंत्र मॉड्यूल द्यावे, हा या संपूर्ण खटाटोपाचा गाभा आहे. असे केल्यावर एका गाडीच्या उडण्याचा परिणाम दुसरीवर जवळजवळ होत नाही, आणि सहा वर्षांचे मूल ८ व्होल्टवर व त्याचा मोठा भाऊ ११ व्होल्टवर अशी बरोबरीची शर्यत लावता येते. त्याआधी ट्रॅकच्या पॉवर बेसमध्ये दोन लेनचे कोणते टोक एकत्र जोडलेले आहे, हे मल्टिमीटरच्या सलगता चाचणीने पाहावे. साध्या बक मॉड्यूलमध्ये इनपुट आणि आउटपुटचे ऋण टोक एकच असते. ट्रॅकवरही ऋण बाजू एकत्र असेल, तर एकाच अडॅप्टरवर दोन मॉड्यूल चालतात. परंतु धन बाजू एकत्र असेल, तर दोन्ही मॉड्यूलची आउटपुट एकमेकांना जोडली जातात आणि लेन स्वतंत्र राहत नाहीत. अशा वेळी प्रत्येक मॉड्यूलला वेगळा अडॅप्टर द्यावा. एक्सएल४०१५ या चिपवरच्या, प्रवाहमर्यादा ठरवता येणाऱ्या मॉड्यूलांतही हीच काळजी घ्यावी, कारण त्यांत ऋण बाजूच्या मार्गात प्रवाह मोजणारा छोटा रोध असतो आणि दोन ऋण टोके बाहेर जोडली गेली की मर्यादेचे गणित चुकते.

डायोडप्रमाणेच मॉड्यूलची जागाही कंट्रोलरच्या आधीच आहे. कंट्रोलरच्या पुढे लावल्यास त्याला पुरेसे इनपुट मिळत नाही, गाडी धक्के खात चालते आणि आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेमुळे ट्रिगर सोडल्यावरही ती क्षणभर पुढे जाते.

जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय पडून असेल तर त्याची हिरवी तार काळ्या तारेला जोडून तो सुरू होतो, आणि पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट मिळतात. पुढे बक मॉड्यूल जोडल्यावर १० व्होल्टपर्यंतची मुलांची श्रेणी छान मिळते. परंतु हा सप्लाय १० अँपिअरहून अधिक प्रवाह देऊ शकतो. उडालेली गाडी दोन्ही रुळांवर आडवी पडली की बारीक तारा वितळू शकतात. म्हणून प्रत्येक लेनला २ अँपिअरचा फ्यूज हवाच. हा फ्यूज मी लॅपटॉपच्या अडॅप्टरवरही लावतो.

व्होल्टेज कमी केल्यानंतरच्या तक्रारी

८ व्होल्टवर आणल्यावर ट्रिगर अर्धा दाबेपर्यंत गाडी हलतच नाही, असे दिसते. रोधाच्या प्रकारचा कंट्रोलर असेल तर हे अपेक्षितच आहे. समजा, गाडीला निघण्यासाठी ०.२५ अँपिअर लागतात आणि मोटरचा रोध ८ ओहम आहे. १२ व्होल्टला एकूण ४८ ओहम चालतात, म्हणजे कंट्रोलरमध्ये ४० ओहम असतानाच गाडी निघते. ८ व्होल्टला एकूण ३२, म्हणजे कंट्रोलरमध्ये २४ उरेपर्यंत वाट पाहावी लागते. ४५ ओहमच्या कंट्रोलरचा निम्मा प्रवास अशा रीतीने वाया जातो. यावर व्होल्टेज वाढवू नये. २५ ते ३५ ओहमचा कंट्रोलर वापरावा, किंवा चाकांच्या आसाला अगदी थोडे तेल देऊन आणि रुळांवरून वीज घेणाऱ्या गाडीखालच्या तांब्याच्या वेण्या विंचरून निघण्यासाठी लागणारा प्रवाहच कमी करावा.

शेवटची तक्रार ट्रॅकच्या दूरच्या टोकाची. पॉवर बेसजवळ गाडी नीट धावते आणि पलीकडच्या वळणावर मंदावते, तेव्हा अनेक जण मॉड्यूलचे बटण वाढवतात आणि जवळची वळणे पुन्हा धोक्याची करून ठेवतात. ८-९ व्होल्टवर चालवताना पट्ट्यांच्या जोडांतला अर्धा व्होल्टही जाणवतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर मुलामा दिलेल्या लोखंडी रुळांवर गंज किंवा काळपट थर येतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसावा, पॉलिश पेपरने घासू नये, कारण मुलामा गेला की गंज अधिक वेगाने येतो. त्यानंतर पॉवर बेसपासून सर्वांत दूरच्या पट्टीवर १० वॅटचा बल्ब रुळांना टेकवून, ट्रिगर पूर्ण दाबून, एकेक पट्टी मागे येत व्होल्टेज मोजावे. ज्या जोडावर आकडा एकदम बदलतो, तिथल्या धातूच्या जिभा पक्कडीने किंचित घट्ट कराव्यात. तरीही फरक राहिला तर प्रत्येक लेनच्या दोन्ही रुळांना पॉवर बेसपासून दूरच्या टोकापर्यंत जाड तार ट्रॅकच्या खालून न्यावी. धन रुळाची तार धन रुळालाच जोडली आहे याची खात्री करून मगच अडॅप्टर चालू करावा.